लयकारिकेतील मेदपचन : एका रूपकाची चिकित्सा

पेशीविज्ञानाच्या मराठी परिभाषेत ज्या थोड्या संज्ञा निर्विवादपणे साधल्या आहेत, त्यांत ‘लयकारिका’ ही एक होय. लायसोसोम या मूळ शब्दातील ग्रीक धातूचा अर्थ सैल करणे, विरघळविणे एवढाच आहे. मराठीने त्यासाठी ‘लय’ हा शब्द योजला आणि बहुधा नकळतच मूळ शब्दाहून अधिक नेमका अर्थ त्याला बहाल केला. सृष्टी, स्थिती आणि लय या त्रयीतील लय म्हणजे नाश नव्हे. कार्याने आपल्या कारणात परत मिसळणे, घडलेल्या वस्तूने पुन्हा घडणीच्या द्रव्यात जमा होणे, हा त्याचा आशय. पेशीच्या या सूक्ष्म कोशात मेदाचे जे होते ते नेमके हेच आहे. (संस्कृतच्या अभ्यासकाला ‘कारिका’ म्हटल्यावर ईश्वरकृष्णाचे सांख्य आठवावे आणि पेशीच्या पोटात श्लोकांचे काय काम, असे त्याने विचारावे, हे संभवते, पण त्या तक्रारीत फारसा दम नाही.)

दुर्दैव असे की, ज्या पानावर ही चांगली संज्ञा छापली जाते त्याच पानावर तिचा अर्थ पुसून टाकणारे एक रूपकही छापले जाते. महाराष्ट्राच्या शालेय विज्ञान-पाठ्यपुस्तकांत लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटलेले आहे. पेशी जीर्ण झाली की या पिशव्या फुटतात आणि आतील विकरे त्याच पेशीला पचवून टाकतात, असे त्याचे स्पष्टीकरण असते. त्याच्या जोडीला कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या पथकाची प्रतिमा येते, आणि शेवटी उपासमारीच्या काळी साठविलेली प्रथिने व मेद यांचे पचन लयकारिका करते, असे एक वाक्य येते. शालेय पातळीवर एवढे पुरे, असे म्हणता येईल. परंतु हीच तीन चित्रे पदव्युत्तर वर्गापर्यंत विद्यार्थ्याची सोबत सोडत नाहीत, आणि मेदाच्या चयापचयाचा विचार करू लागताच ती त्याला चुकीच्या वाटेने नेतात. म्हणून या तिन्ही चित्रांची मेदपचनाच्या अंगाने तपासणी करणे अगत्याचे ठरते. तिन्ही सारख्याच दोषांची नाहीत. पहिले बव्हंशी चूक, दुसरे अपुरे आणि तिसरे खरे असूनही फसवे आहे.

‘आत्मघाती पिशवी’ या कल्पनेचा उगम खुद्द शोधाच्या इतिहासात आहे. बेल्जियममधील लुव्हेन येथे ख्रिस्तिआन द ड्यूव्ह व त्यांचे सहकारी इन्शुलिनच्या कार्याचा मागोवा घेत उंदराच्या यकृतातील एका फॉस्फेटेज विकराचा अभ्यास करीत होते. तुलनेसाठी घेतलेल्या ॲसिड फॉस्फेटेज या दुसऱ्याच विकराने त्यांना कोड्यात टाकले. ताज्या ऊतक-मिश्रणात त्याची क्रियाशीलता अपेक्षेच्या मानाने फारच थोडी भरली. तेच मिश्रण काही दिवस शीतकपाटात पडून राहिल्यावर ती एकाएकी वाढली. विकर नष्ट झालेले नव्हते, ते झाकलेले होते. एखाद्या पटलाने वेढलेल्या कोशात ते कोंडलेले असावे आणि पटल जीर्ण झाल्यावर बाहेर पडत असावे, असा तर्क निघाला. १९५५ मध्ये या कोशाला नाव मिळाले. त्याच वर्षी ॲलेक्स नोव्हिकॉफ यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रांनी त्याला रूप दिले. पटल फुटले की विकरे मोकळी होतात, हे परीक्षानळीत प्रत्यक्ष दिसलेले होते. मग जिवंत पेशीतही असेच घडत असेल आणि पेशीच्या मृत्यूचे ते साधन असेल, ही कल्पना पुढे येणे स्वाभाविकच होते. द ड्यूव्ह यांनी स्वतः ती मांडली आणि तिचा शब्दही त्यांचाच.

परंतु परीक्षानळीतील गोष्ट पेशीत जशीच्या तशी लागू करताना एक साधी रासायनिक अट विसरली जाते. लयकारिकेच्या आतील सामू सुमारे ४.५ ते ५ असतो, तर बाहेरच्या पेशीद्रवाचा सामू ७.२ च्या आसपास. याचा अर्थ आत हायड्रोजन आयनांची दाटी बाहेरच्या शेकडो पट असते, आणि ही दाटी टिकविण्यासाठी पटलावरील प्रोटॉन-पंप सतत एटीपी खर्च करीत असतो. आतील बहुतेक विकरे याच आम्ल परिसरासाठी घडलेली आहेत. पिशवी फुटून ती बाहेर आली तर उदासीन पेशीद्रवात त्यांतील पुष्कळशी मंदावतात. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी यांनी नियोजित पेशीमृत्यूचे जे स्वतंत्र रूप वर्णन केले, त्याचा मुख्य मार्ग पुढे कॅस्पेज या वेगळ्याच विकरकुलातून जातो असे सिद्ध झाले. लयकारिकेचे पटल सच्छिद्र होऊन कॅथेप्सिन विकरे बाहेर पडणे व त्यामुळे पेशी मरणे, हे प्रकार काही परिस्थितींत खरोखर घडतात, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. पण अपवादावरून नाव ठेवण्याची ही रीत विचित्र आहे. अग्निकांड होऊ शकते म्हणून कोणी स्वयंपाकघराला जळिताची खोली म्हणत नाही.

मेदाकडे वळताच रूपकाचे अपुरेपण अधिक स्पष्ट होते. लयकारिकेत मेद तीन वाटांनी पोहोचतो. रक्तातील मेदप्रथिनांच्या कणांतून तो बाहेरून येतो; पेशीच्या स्वतःच्या मेदबिंदूंतून आतून येतो; आणि पेशीपटलांच्या जुन्या तुकड्यांबरोबर फॉस्फोलिपिड व स्फिंगोलिपिड यांच्या रूपाने येतो. पहिल्या दोन वाटांनी आलेल्या ट्रायग्लिसराइडांचे व कोलेस्टेरॉल-एस्टरांचे जलविघटन करणारे प्रमुख विकर एकच, ते म्हणजे आम्ल लायपेज. तिसऱ्या वाटेने आलेल्या स्फिंगोलिपिडांसाठी मात्र विकरांची एक मालिकाच लागते. एकेक शर्करा-घटक क्रमाने काढला जातो. मालिकेतील एक विकर नसले की साखळी तेथेच अडते. हे काम लयकारिकेतील अतिसूक्ष्म आंतर-पुटिकांच्या पृष्ठभागावर चालते. त्या पुटिकांतील बीएमपी नावाचा ऋणभारित मेद आणि सॅपोसिन नावाची लहान प्रथिने पटलातील मेदरेणू उचलून विकराच्या आवाक्यात आणून देतात. लयकारिका आपले स्वतःचे बाह्य पटल न पचविता दुसऱ्यांची पटले पचविते, ते या विभागणीमुळेच. हा बीएमपी तयार करणारे विकर म्हणजे सीएलएन५ होय, असे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. बालवयातील मेंदूच्या एका ऱ्हासरोगाशी ज्या जनुकाचे नाव आधीच जोडलेले होते त्याचेच हे प्रथिन निघाले, ही या क्षेत्रातील अलीकडची एक सुंदर जुळणी म्हणावी लागेल.

पहिल्या वाटेचे महत्त्व डॅलस येथील मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाईन यांच्या १९७४-७५ च्या सुमाराच्या प्रयोगांनी प्रस्थापित केले. हे प्रयोग आजही प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावेत अशा योग्यतेचे आहेत. कारण त्यांत लयकारिकेविषयीची संपूर्ण दृष्टीच बदललेली आहे. अल्पघनता मेदप्रथिनाच्या एका कणाच्या गाभ्यात कोलेस्टेरॉल-एस्टरचे सुमारे १,५०० रेणू असतात. तो कण पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर बसतो, खळग्यातून आत घेतला जातो आणि लयकारिकेत पोहोचतो. तेथे त्याच्या प्रथिनाची अमिनो आम्ले होतात आणि आम्ल लायपेज एस्टरबंध तोडून मुक्त कोलेस्टेरॉल व मेदाम्ले वेगळी करते. येथपर्यंत हे निव्वळ पचन आहे. पण पुढे जे घडते ते पचनाच्या कल्पनेत मावत नाही. सुटलेले कोलेस्टेरॉल पेशीला वार्ता देते. पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनविणे आवरते घेते, जास्तीचे कोलेस्टेरॉल पुन्हा एस्टर करून साठविते आणि पृष्ठभागावरील ग्राहींची संख्या कमी करते.

या वार्तेचा उगम लयकारिकेत आहे याचा पुरावा रुग्णांच्या पेशींतून मिळाला. कोलेस्टेरॉल-एस्टर साठण्याच्या आनुवंशिक रोगात आम्ल लायपेज जवळजवळ नसते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा रुग्णांचे तंतुजनक पेशी-संवर्धन घेण्यात आले. त्या पेशी कण नीट उचलत होत्या, आत नेत होत्या. पण एस्टर फुटत नव्हते, आणि म्हणून कोलेस्टेरॉलचे उत्पादनही अपेक्षेप्रमाणे आवरले जात नव्हते. क्लोरोक्विन देऊन निरोगी पेशींची लयकारिका निकामी केली तरी तसाच अडथळा निर्माण होत होता. पेशीच्या पोटात कोलेस्टेरॉलची रास लागलेली, आणि पेशी मात्र ते नाहीच असे समजून आणखी बनवीत बसलेली. कोठारात धान्य, चूल थंड, आणि दारात धान्य मागणारी घरधनीण, असे हे दृश्य आहे. कचऱ्याच्या प्रतिमेने याचा उलगडा कधीच होणार नाही. कचरा साठला तर घर घाण होते. घरात अन्नाची टंचाई होत नाही. या रोगात दोन्ही एकदम घडते.

मुक्त झालेले कोलेस्टेरॉल लयकारिकेबाहेर आपोआप झिरपत नाही, हेही पुढे कळले. एनपीसी२ हे विद्राव्य प्रथिन ते उचलून पटलातील एनपीसी१ या प्रथिनाच्या हाती देते. यांतील एक जरी बिघडले तरी नीमन–पिक रोगाचा सी प्रकार होतो. तेथे विकर शाबूत असते, एस्टर फुटते आणि तरीही सारे अडून राहते. मेदाम्लांच्या बाहेर पडण्याचे चित्र अजून इतके रेखीव झालेले नाही. पाठ्यपुस्तकांतील बाणांच्या आकृत्या मात्र दोन्ही ठिकाणी सारख्याच आत्मविश्वासाने काढलेल्या असतात.

आता तिसरे चित्र, उपासमारीचे. यकृतपेशीचा साठविलेला मेद उपाशीपोटी लयकारिकेत जाऊन पचतो, या विधानाला प्रायोगिक आधार मिळाला तो २००९ मध्ये. न्यूयॉर्क येथील रजत सिंग, आना मारिया क्वेर्व्हो, मार्क चाया आदींनी त्या वर्षी ‘नेचर’मध्ये दाखविले की यकृतपेशीतील स्वभक्षण रासायनिक द्रव्याने वा जनुकीय मार्गाने रोखले तर मेदबिंदूंतील ट्रायग्लिसराइडे वाढतात, आणि यकृतात एटीजी७ जनुक नसलेल्या उंदरांचे यकृत मोठे व मेदयुक्त होते. मेदबिंदूंचे तुकडे स्वभक्षक पुटिकांत वेढले जातात आणि लयकारिकेशी जुळतात, असे त्यांचे निरूपण होते. या प्रकाराला मेदभक्षण हे नाव रूढ झाले. शोध महत्त्वाचा, यात शंका नाही. तत्पूर्वी मेदबिंदू म्हणजे निष्क्रिय थेंब आणि त्यावर काम करणारी विकरे केवळ पेशीद्रवातील, अशीच समजूत होती. २००४ मध्ये सापडलेले एटीजीएल हे लायपेज त्या समजुतीचा मुकुटमणी ठरले होते.

तथापि या शोधाचा जो गाजावाजा झाला त्यात टीकेला भरपूर वाव आहे. प्रथम साधनांची गोष्ट. स्वभक्षण रोखण्यासाठी वापरले जाणारे ३-मेथिलॲडेनीन पेशीतील इतर किनेज विकरांनाही अडविते. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे. मूळ संशोधकांनी जनुकीय साक्षही जोडली होती. मात्र त्यांच्या मागून आलेल्या सर्वच लेखकांनी तेवढी काळजी घेतलेली दिसत नाही. दुसरी गोष्ट, विरोधी निष्कर्षांची. त्याच वर्षी जपानमधील एका गटाने दाखविले की स्वभक्षणाच्या यंत्रणेतील एलसी३ व एटीजी७ हे घटक मेदबिंदू तयार होण्यासाठीच लागतात. ते नसले तर उपाशी उंदराच्या यकृतात मेदबिंदू वाढण्याऐवजी कमी होतात. मेदपेशींत एटीजी७ नष्ट केल्यावर उंदीर लठ्ठ न होता उलट सडपातळ झाले, हे तर त्याच न्यूयॉर्कच्या गटाने व इतरांनी २००९ मध्येच प्रसिद्ध केले. यंत्रणा एक, ऊतके निराळी आणि निष्पत्ती परस्परविरुद्ध. ‘लयकारिका मेद पचविते’ हे वाक्य ऊतकाचे नाव घेतल्यावाचून लिहिणे म्हणूनच अशास्त्रीय ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि वर्गात तीच बहुधा वगळली जाते. पेशीद्रवातील लायपेज आणि लयकारिकेतील लायपेज यांचा सामना लावण्याची सवय मुळातच चुकीची आहे. क्वेर्व्हो यांच्याच प्रयोगशाळेतून २०१५ मध्ये असे दाखविण्यात आले की मेदबिंदूंवरील पेरिलिपिन नावाचे आवरण-प्रथिन निवडक स्वभक्षणाने उचलून लयकारिकेत पचविले जाते, आणि त्यामुळे मेदबिंदू पेशीद्रवातील लायपेजांना खुला होतो. म्हणजे लयकारिका येथे मेद न पचविता केवळ झाकण काढते. उलट एटीजीएलचे कार्य वाढले तर मेदभक्षणही वाढते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये निघाला. २०१९ मध्ये यकृतपेशींवरील एका अभ्यासाने मोठे मेदबिंदू प्रथम एटीजीएलच्या हाती लहान होतात व लहानगे तेवढे मेदभक्षणाच्या वाट्याला येतात, असा क्रम सुचविला. पुटिकेची पिशवी लागते असे नव्हे, लयकारिका स्वतःच मेदबिंदूला चिकटून त्याचा भाग आत ओढते, असेही २०२० मध्ये दिसून आले. चरकात ऊस घालण्यापूर्वी तो तोडावा, सोलावा लागतो. रस कोणी काढला, कोयत्याने की चरकाने, हा वाद कोणी घालीत नाही. पेशीविज्ञानात मात्र तो वर्षानुवर्षे चालला.

या वादातील एक नवे वळण प्रयोगशाळेतील कामाशी थेट संबंधित असल्याने त्याचा उल्लेख टाळता येत नाही. आम्ल लायपेज रोखण्यासाठी लॅलिस्टॅट नावाची द्रव्ये सर्रास वापरली जातात. रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यातून या विकराची कमतरता ओळखण्याची जी चाचणी प्रचलित आहे ती लॅलिस्टॅट-२ च्या साहाय्यानेच केली जाते, आणि त्या मर्यादित कामात ती उपयुक्त आहे. परंतु जिवंत पेशींत मोठ्या मात्रेने वापरल्यास ही द्रव्ये एटीजीएलसह उदासीन सामूवर काम करणाऱ्या लायपेजांनाही अडवितात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ सरळ आहे. ज्या ज्या प्रबंधात केवळ लॅलिस्टॅट देऊन मेद साठल्याचे दाखविले आणि त्यावरून लयकारिकेचा वाटा मोजला, त्या प्रत्येकातील आकडा पुन्हा तपासला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखादी बाटली उघडण्यापूर्वी तिच्या निवडकतेची चौकशी करावी, हा नियम जुना आहे; तो पाळला जात नाही हेही जुनेच.

मेद हा केवळ लयकारिकेत जाणारा माल नसून तिच्यापर्यंत नेणाऱ्या वाहतुकीचा भागही आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातच झालेल्या एका कामाने उत्तम रीतीने दाखविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भक्षिपेशींतील भक्षकोशांच्या हालचालींचा प्रकाशीय चिमट्याने अभ्यास केला. भक्षकोश कोवळा असतो तेव्हा तो पुढेमागे हेलकावत राहतो. परिपक्व झाल्यावर मात्र लयकारिकांच्या दिशेने झपाट्याने निघतो. या बदलाचे कारण त्यांनी २०१६ मध्ये ‘सेल’मध्ये मांडले. परिपक्व भक्षकोशाच्या पटलावर कोलेस्टेरॉल-संपन्न असे क्षेत्र तयार होते, डायनिन ही वाहक-प्रथिने त्या क्षेत्रात एकवटतात आणि अनेक डायनिन एका दमाने ओढू लागल्याने प्रवास वेगवान होतो. काळा आजाराच्या लीश्मानिया परजीवीचा एक मेदयुक्त रेणू हेच क्षेत्र विस्कटून टाकतो आणि आपली लयकारिकेकडील यात्रा रोखतो. सूक्ष्म जीव ज्या गोष्टीला घाबरतो ती पेशीची आत्महत्या नव्हे, तिची वाहतूक-व्यवस्था आहे. याच गटाने यकृतातील मेदबिंदूंची वाहतूक व इन्शुलिन यांच्या संबंधावरही काम केले. मराठी पाठ्यपुस्तकांत ॲमस्टरडॅम-लंडनच्या उदाहरणांना जागा मिळते आणि कुलाब्यातील या कामाला मिळत नाही, ही उणीव भरून काढणे अवघड नसावे.

दुसऱ्या चित्राचा, कचऱ्याच्या पथकाचा, विचार वाकडसारख्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी करून पाहावा. शेतीचे गाव म्हणून नांदलेले वाकड १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. आज तेथील उंच इमारतींतून ओला व सुका कचरा वेगळा होऊन मोशीच्या डेपोकडे जातो, आणि मोशीला २०२३ पासून कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प आहे. तेव्हा ‘लयकारिका म्हणजे पेशीची मोशी’ असे एखाद्या अध्यापकाने म्हणावे आणि वर्गाला ते पटावे, हे साहजिक आहे. पण उपमा पुढे ताणताच तुटते. मोशीत कचरा जळतो तेथेच वीज होते. लयकारिकेत मेद जळत नाही. तेथे फक्त जलविघटन होते, म्हणजे बंध पाण्याने तुटतात, आणि त्यातून पेशीला उपयोगी पडेल असे एटीपी काहीच मिळत नाही. उलट प्रोटॉन-पंपासाठी ते खर्चच होते. मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण तंतुकणिकांत होते, आणि ऊर्जेचा हिशेब तेथे लागतो. उत्तरपत्रिकांतून ‘लयकारिका मेद जाळून ऊर्जा देते’ असे वाक्य आढळते, त्याचे मूळ अशा उपमांत आहे. शिवाय मोशीला गेलेली वस्तू घरी परत येत नाही. लयकारिकेत गेलेले कोलेस्टेरॉल पेशीपटलात, संप्रेरकात, पित्तरसात परत येते.

रूपकाचा दोष एवढ्यावर थांबता तर तो केवळ अध्यापनाचा प्रश्न राहिला असता. पण मेदसंचयाच्या रोगांत तो रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचतो. गोशे रोगाचे वर्णन १८८२ चे. ग्लुकोसेरेब्रोसिडेज विकराची उणीव हे त्याचे कारण ब्रॅडी यांनी १९६५ मध्ये निश्चित केले. यकृत व प्लीहा वाढते, हाडे दुखतात, रक्तपेशी घटतात. भारतीय रुग्णांत या रोगाचे जे उत्परिवर्तन सर्वाधिक आढळते त्यात विकराच्या ४४४ व्या स्थानी ल्यूसीनच्या जागी प्रोलीन येते (मोजणीच्या नव्या पद्धतीने ते स्थान ४८३ वे होय). येथे लयकारिका फुटलेली नसते, विकर बनतही असते. ते नीट घडी न पडल्याने आंतरद्रव्यजालिकेतच अडवून मोडले जाते आणि लयकारिकेपर्यंत पोहोचत नाही. ‘पिशवी बिघडली’ असे सांगितलेल्या पालकाला हे कसे कळावे? पिशवी शाबूत आहे, टपाल पोहोचत नाही, हे वाक्य त्याला सहज समजेल.

उपचाराचे तर्कशास्त्रही याच वाक्यात आहे. बाहेरून दिलेले विकर पेशी आपल्या पृष्ठभागावरून उचलून लयकारिकेत नेते; फक्त त्यावर योग्य पत्ता हवा. गोशेच्या विकरावरील शर्करा-साखळी छाटून मॅनोज उघडे केले की भक्षिपेशी ते ओळखतात. या तत्त्वावरचे पहिले औषध वारेतून काढलेल्या विकराचे, १९९१ मध्ये मान्य झाले. १९९४ मध्ये पुनःसंयोजित विकर आले. आम्ल लायपेजच्या उणिवेवरील सेबेलिपेज हे औषध २०१५ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्य झाले. त्यापूर्वी या उणिवेचे तीव्र रूप असलेला, १९५६ मध्ये वर्णिलेला वोलमन रोग झालेली अर्भके बहुधा पहिल्या वर्षातच दगावत. वाकडच्या शेजारी हिंजवडीत जेनोव्हासारखी कंपनी पुनःसंयोजित प्रथिने औषध म्हणून तयार करते, तेव्हा प्रथिन बनविण्याची विद्या या पट्ट्याला परकी नाही. लयकारिकेच्या विकरांसाठी त्यापलीकडे पत्ता लिहिण्याची, म्हणजे शर्करा-साखळ्या नेमक्या घडविण्याची, विद्या लागते, आणि येथील जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत तिला मिळणारी जागा पाहता ती अनुषंगिक मानली जाते असे दिसते.

केंद्र शासनाचे दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. गोशे रोगाचा त्यात अंतर्भाव आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे धोरणाने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक. आणि २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. शासनाने हा विषय हाती घेतला हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु विकर-पूरण ही आजन्म चालणारी गोष्ट आहे. विकर पेशीत स्वतः झिजते, म्हणून ते साधारणतः दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. मूल वाढते तशी मात्राही वाढते. ठराविक रकमेची मर्यादा ही एकदाच साफ करून टाकावयाच्या कचऱ्याला शोभते, अखंड पुरवठ्याला नव्हे. धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात कोणते रूपक होते हे कोणी सांगू शकणार नाही. पण कोशाला कायम लागणारा पुरवठा आणि एकदाची सफाई यांतील भेद या तरतुदीत उमटलेला नाही, एवढे म्हणता येते.

जनुकात कोणताही दोष नसताना लयकारिकेतील मेदपचन अडू शकते, आणि त्याचे उदाहरण याच औद्योगिक पट्ट्याशी नाते सांगणारे आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ मध्ये, म्हणजे लायसोसोमला नाव मिळाले त्याच वर्षी, तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. क्षयाने ग्रासलेल्या देशाला स्ट्रेप्टोमायसिनने काय दिले हे सांगावयास नको. ते ज्या अमायनोग्लायकोसाइड कुलातील आहे त्याच कुलातील जेंटामायसिनचा अभ्यास, द ड्यूव्ह यांच्या परंपरेतील बेल्जियन संशोधकांनी, तपशिलाने केला. मूत्रपिंडातील नलिकापेशी हे औषध पृष्ठभागावरील ग्राहीच्या द्वारे आत घेतात. ते लयकारिकेत साठते, ऋणभारित फॉस्फोलिपिडांना चिकटते आणि फॉस्फोलायपेजांना त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाही. न पचलेली पटले कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकात एक गुंडाळून लयकारिकेत साचतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसतात. स्ट्रेप्टोमायसिन त्या मानाने मूत्रपिंडास कमी बाधते, त्याचा रोख कानाकडे अधिक. परंतु कुलधर्म तोच. चिकित्सकाने मात्रा आणि दिवस मोजून औषध दिले, वेळीच थांबविले, तर या पाकळ्या हळूहळू विरतात, पटले पचतात, आणि नलिकेची पेशी बहुधा पूर्ववत कामाला लागते.